झटका डोळ्याला, छेद कानामागे

सुरुवात इतकी किरकोळ असते की ती नेमकी कधी झाली, हे बहुतेकांना सांगता येत नाही. एका डोळ्याची पापणी फडफडते. झोप कमी झाली असेल, डोळ्यांवर ताण आला असेल, असं म्हणून माणूस सोडून देतो. काही महिन्यांनी तोच डोळा बोलता बोलता मिटून जायला लागतो. मग गाल ओढला जातो, तोंडाचा कोपरा वर खेचला जातो, आणि हळूहळू चेहऱ्याची ती अख्खी बाजू दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच्या मर्जीने आवळते. दुखत काहीच नाही. पण समोरच्याला वाटतं, हा डोळा मारतोय. फोटो काढायची वेळ आली की माणूस मागच्या रांगेत सरकतो.

पुढे कधीतरी डॉक्टर सांगतात की यावर शस्त्रक्रिया आहे, आणि त्यासाठी कानामागे कवटीला छोटं भोक पाडावं लागेल. ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: पापणी उडते म्हणून डोकं उघडायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी हा झटका निघतो कुठून ते पाहायला हवं, कारण तो चेहऱ्यात निघतच नाही.

नस कुणाची आणि कुणाला दाबते?

या आजाराचं नाव हेमिफेशियल स्पॅझम. हेमि म्हणजे अर्धा, फेशियल म्हणजे चेहऱ्याचा, स्पॅझम म्हणजे आचका. यापुढे नुसतं 'झटके' म्हणू.

बोलताना आपण 'नस' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. सलाइन लावताना 'नस सापडत नाही' म्हणतात तेव्हा ती रक्तवाहिनी असते. 'कमरेत नस दबली' म्हणतात तेव्हा तो मज्जातंतू असतो. एरवी या घोळाने काही बिघडत नाही, पण इथे सगळी गोष्टच एका नसेने दुसऱ्या नसेला दाबण्याची आहे. म्हणून या लेखापुरतं वाटून घेऊ: हृदयाकडून रक्त आणते ती धमनी, आणि मेंदूचा हुकूम पोचवतो तो मज्जातंतू.

मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या थेट बाहेर पडतात. त्यातली सातवी जोडी चेहरा हलवते. उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला एक. मेंदूच्या तळाशी देठासारखा भाग असतो, त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. तिथून हा मज्जातंतू निघतो, ऐकण्याच्या आठव्या मज्जातंतूला अगदी खेटून कानाच्या हाडात शिरतो, कानाखाली बाहेर येतो आणि कपाळ, डोळा, गाल, ओठ, मान अशा फांद्यांत पसरतो. थोडक्यात, अर्ध्या चेहऱ्याची सगळी हालचाल एकाच तारेवर चालते. झटके एकाच बाजूला का येतात आणि डोळ्याबरोबर ओठही का ओढला जातो, याचं उत्तर या मांडणीतच आहे. आठव्याशी असलेलं हे शेजारपणही लक्षात ठेवा. पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

तारेचं वेष्टण आणि दिवसाला एक लाख ठोके

विजेच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूतल्या प्रत्येक धाग्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. मेंदूच्या आत हे वेष्टण एका प्रकारच्या पेशी बनवतात, मेंदूबाहेर दुसऱ्या प्रकारच्या. मज्जातंतू मस्तिष्कस्तंभातून बाहेर पडतो तिथे या दोन वेष्टणांचा सांधा असतो. सांधा म्हटला की कच्चेपणा आला. आणि नेमक्या याच भागात मेंदूच्या मागच्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या वेटोळी घेत जात असतात.

वय वाढतं तशा धमन्या थोड्या लांबतात, वळणं घेतात, कडकही होतात. एखादं वळण या कच्च्या जागेवर येऊन टेकतं. धमनी शांत बसत नाही, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती उसळते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर. वाऱ्याने हलणारी फांदी तारेवर वर्षानुवर्षं घासत राहिली तर वेष्टण झिजतं, तसंच इथे होतं. उघड्या पडलेल्या धाग्यांतले संदेश एकमेकांत शिरतात. डोळ्यासाठी निघालेला हुकूम ओठाच्या धाग्यात उतरतो आणि दोन्ही स्नायू एकदम आवळतात. शिवाय सततच्या या त्रासाने मस्तिष्कस्तंभातलं चेहऱ्याचं केंद्रच चिडखोर होतं, असंही एक मत आहे. बहुधा दोन्ही गोष्टी घडतात. सगळं आपोआप चालतं, त्यामुळे झोपेतही झटके थांबत नाहीत.

'चिडखोर' शब्द आलाच आहे तर एक गैरसमज दूर करायला हवा. ताण आला, थकवा आला, चारचौघांत बोलायची वेळ आली की झटके वाढतात हे खरं. म्हणून कित्येकांना 'मनावर घेऊ नका' एवढाच सल्ला वर्षानुवर्षं मिळत राहतो. ताणाने झटके वाढतात, पण सुरू होतात ते धमनीमुळे.

हे सगळं तर्काने जुळवलेलं आहे का? नाही, पाहता येतं. डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीला विजेची हलकी चुणूक दिली तर हनुवटीच्या स्नायूने हलायचं कारण नाही. या रुग्णांमध्ये तो हलतो. शस्त्रक्रिया चालू असताना, रुग्ण भुलेखाली असताना, ही चाचणी पुन्हा पुन्हा करत राहतात. सर्जनने धमनी मज्जातंतूपासून उचलली की पडद्यावरची हनुवटीची ती लहर कित्येकदा तिथल्या तिथे नाहीशी होते. धमनी परत टेकली तर परत उमटते, असंही नोंदलं गेलं आहे. वैद्यकशास्त्रात कारण आणि परिणाम इतक्या जवळून एकत्र पाहायला मिळण्याचे प्रसंग थोडेच.

प्रत्येक फडफड हा आजार नव्हे

इथे वाचून कुणी आरशासमोर धावायच्या आधी सांगतो: पापणीची साधी फडफड जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी होते. अपुरी झोप, जास्त चहा-कॉफी, डोळ्यांचा ताण ही तिची नेहमीची कारणं. ती पापणीपुरतीच राहते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाते. हा आजार तसा दुर्मीळ आहे, लाखात साधारण दहा जणांना होणारा. बायकांमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीच्या आसपास सुरू होणारा.

दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील तर तो वेगळा विकार. चेहऱ्याचा लकवा बरा झाल्यावर हसताना डोळा मिटत असेल तर तेही वेगळं. तिथे मज्जातंतूचे धागे पुन्हा वाढताना चुकीच्या स्नायूला जाऊन जुळलेले असतात. चेहऱ्यात विजेचा लोळ गेल्यासारखी कळ येत असेल तर तो पाचव्या मज्जातंतूचा आजार. तिथेही अनेकदा धमनीच दाबत असते, पण तो मज्जातंतू मुख्यतः संवेदनेचा, म्हणून तिथे वेदना आणि इथे हालचाल.

ओळखण्याची एक छान खूण आहे. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बाबिन्स्की यांनी १९०५ मध्ये ती नोंदवली. एक डोळा घट्ट मिटून त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर करून पाहा. बहुतेकांना जमत नाही, कारण डोळा मिटताना भुवई खाली येते. झटक्याच्या वेळी मात्र रुग्णाचा डोळा मिटतो आणि भुवई वर चढते. मुद्दाम करून न जमणारी गोष्ट चेहरा आपोआप करतोय, म्हणजे हा सवयीचा किंवा मनाचा खेळ नाही, याचा तो फुकटचा पुरावा.

यानंतर एमआरआय करतात, आणि या भागाचे अगदी पातळ काप घेणारा एमआरआय सांगावा लागतो. साध्या एमआरआयमध्ये 'सगळं नॉर्मल' असा अहवाल येऊ शकतो. उलटही घडतं: कसलाच त्रास नसलेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये धमनी मज्जातंतूला टेकलेली दिसते. त्यामुळे निदान रुग्णाच्या चेहऱ्यावरून होतं. एमआरआय मुख्यतः दोन कामांसाठी: दाबणारी गोष्ट धमनीच आहे, गाठ किंवा धमनीचा फुगा नाही याची खात्री, आणि सर्जनसाठी वाटेचा नकाशा.

बोटॉक्स आहे ना, मग चाकू कशाला?

हा सर्वांत तगडा आक्षेप आहे, आणि बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत तो बरोबरही आहे.

गोळ्या आधी बाजूला काढू. कार्बामॅझेपिन, क्लोनाझेपॅम अशी औषधं देतात. काहींना सुरुवातीला थोडा फरक पडतो, पण तो टिकेल याची खात्री नसते आणि गुंगी मात्र येते. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, म्हणजे बोलीतलं बोटॉक्स, खरोखर काम करतात. सुरकुत्यांमुळे हे नाव प्रसिद्ध झालं, पण अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी मिळाली होती. हे औषध मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचू देत नाही. डोळ्याभोवती आणि गालात बारीक सुईने देतात, काही दिवसांत झटके मंदावतात आणि साधारण तीन महिने आराम मिळतो. बहुतांश रुग्णांना चांगला फायदा होतो.

पण मग पुन्हा सुई. वर्षातून तीन-चार वेळा, कायम. कारण धमनी तिथेच आहे आणि तार तशीच उघडी आहे. आपण फक्त दिव्याचं बटण बंद केलंय. काहींची पापणी थोडे दिवस खाली ओघळते, डोळा कोरडा पडतो, हसू वाकडं होतं. ज्यांचे झटके सौम्य आहेत, ज्यांना भूल देणं धोक्याचं आहे किंवा डोकं उघडायचंच नाही, त्यांनी सुयांवर राहण्यात काहीही चूक नाही. हा आजार जीव घेत नाही. निवड किती निकडीची, हे चेहऱ्यामुळे किती अडतं त्यावर ठरतं. गाडी चालवताना किंवा वाचताना एक डोळा मिटत असेल तर हिशेब वेगळा, महिन्यातून चार वेळा गाल उडत असेल तर वेगळा.

कानामागची खिडकी

कारणाचा संशय जुना आहे. १८७५ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रीडरिश शुल्ट्झे यांनी असे झटके असलेल्या एका माणसाच्या शवविच्छेदनात धमनीचा फुगा सातव्या मज्जातंतूला दाबत असल्याचं नोंदवलं. पण इतक्या खोल आणि अरुंद जागेत जिवंत माणसावर काम करायला नजर पोचत नव्हती. त्यामुळे पूर्वीचे उपाय म्हणजे मज्जातंतू मुद्दाम दुखावणं किंवा त्याच्या फांद्या कापणं. झटके जायचे, बदल्यात चेहरा लुळा पडायचा. १९६०च्या दशकात पीटर जॅनेटा या अमेरिकन न्यूरोसर्जनने शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरून ही जागा बारकाईने पाहिली आणि धमनी नुसती बाजूला करण्याची पद्धत रूढ केली. अनेक सहकाऱ्यांना ते बरीच वर्षं पटलं नव्हतं. आज ही जगभर चालणारी शस्त्रक्रिया आहे. तिचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीचा दाब काढणं.

रुग्णाला पूर्ण भूल देऊन कुशीवर झोपवतात. कानामागे काही सेंटिमीटरचा छेद घेऊन हाडात मोठ्या नाण्याएवढी खिडकी करतात. आतलं आवरण उघडून मेंदूभोवतीचं पाणी हळूहळू वाहू देतात. पाणी कमी झालं की लहान मेंदू आपसूक सैलावतो आणि बाजूने वाट मिळते. ही वाट मेंदूच्या आतून जात नाही, मेंदू आणि हाड यांच्यामधल्या फटीतून जाते. शस्त्रक्रियेची भीती वाटणाऱ्याला मी सर्वांत आधी हेच सांगेन. फटीच्या टोकाला मस्तिष्कस्तंभ, तिथे सातवा मज्जातंतू, आणि त्यावर टेकलेली, ठोक्यागणिक उसळणारी धमनी.

इथे कापायचं काही नाही आणि काढायचंही काही नाही. ती धमनी मेंदूला रक्त पुरवते, ती बंद करून चालत नाही. मज्जातंतू तर जपायचाच आहे. सर्जन धमनी हळुवार सोडवून बाजूला सारतो आणि दोघांच्या मध्ये टेफ्लॉनच्या तंतूंचे कापसासारखे छोटे बोळे ठेवतो. नॉनस्टिक भांड्यावरचा लेप असतो तोच पदार्थ. शरीर त्याच्याशी फारसं भांडत नाही. मोठी, टणक धमनी असेल तर तिला दोरीसारख्या पट्टीने बाजूला ओढून अडकवतात. धमनी पुढेही रोज लाखभर वेळा उसळणारच, फक्त तिचा मार उशीवर बसतो. मग आवरण शिवतात, खिडकी झाकतात, टाके घालतात. दोन-चार तासांचं काम, आणि साधारणपणे काही दिवसांचा इस्पितळातला मुक्काम.

'मेंदूची शस्त्रक्रिया' म्हणजे धोका किती?

धोका आहे, आणि तो आकड्यांत समजून घेतलेला बरा. जॅनेटा यांच्या पिट्सबर्गच्या गटाने १९९५ मध्ये ७०० हून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतर ८४ टक्के रुग्णांचे झटके पूर्ण किंवा जवळपास पूर्ण थांबलेले होते, आणखी ७ टक्के रुग्णांना अर्धवट फायदा होता. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा कान कायमचा गेला अशांचं प्रमाण २.६ टक्के, चेहऱ्याला कायमची तीव्र कमजोरी ०.९ टक्के. एक मृत्यू झाला आणि दोघांना मस्तिष्कस्तंभात पक्षाघात झाला.

मृत्यूचा आकडा वाचून लोक दचकतात आणि पुढे जातात. माझ्या मते थांबून विचार करायचा तो कानाच्या आकड्यावर, कारण या शस्त्रक्रियेची खरी देवघेव तिथे आहे. आठवा मज्जातंतू सातव्याला खेटून असतो हे वर सांगितलं. तो नाजूक असतो; लहान मेंदू जरा जास्त सरकवला तरी ताणला जातो. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णाच्या कानात सतत टिकटिक ऐकवतात. रुग्ण गाढ भुलेत असतो, तरी त्याचा मेंदू त्या आवाजाला देत असलेला प्रतिसाद पडद्यावर लहरींच्या रूपात दिसत राहतो. लहर उशिरा येऊ लागली की सर्जन हात थांबवतो आणि ताण सैल करतो. ही देखरेख आल्यापासून कान वाचवणं सोपं झालं. दुसऱ्या बाजूच्या कानाने आधीच कमी ऐकू येणाऱ्या माणसाने हा मुद्दा सर्जनशी वेगळा बोलायला हवा.

बाकी त्रासांमध्ये काही दिवसांची चक्कर, मळमळ, डोकेदुखी, क्वचित आवाज बसणं किंवा गिळताना अडखळणं, जंतुसंसर्ग हे येतं. आणि एक विचित्र वाटणारी खूण: खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं गळणं. ती सर्दी नसते. मेंदूभोवतीचं पाणी कानामागच्या हाडातल्या पोकळ्यांतून, मधल्या कानातून नाकात उतरत असू शकतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

सल्ल्याला जाताना दोन गोष्टी सरळ विचाराव्यात: ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कान आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूवर देखरेख ठेवणारी यंत्रणा असते का? कुठल्याही चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

झटके थांबलेच नाहीत तर?

बरेच रुग्ण भुलेतून जागे होतात तेच शांत चेहऱ्याने. पण काहींचे झटके सुरूच राहतात, किंवा चार दिवस जाऊन परत येतात, आणि घरात निराशा पसरते. इतक्यात निराश व्हायचं कारण नसतं. मार थांबला तरी झिजलेलं वेष्टण भरून यायला आणि चिडलेलं केंद्र निवायला वेळ लागतो. आठवडे, कधी महिने. म्हणूनच पुन्हा डोकं उघडायचा विचार सर्जन सहसा वर्षभर पुढे ढकलतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत धोके पहिलीपेक्षा जास्त असतात. झटके एकदा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालेच तर ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतात. तो काळ उलटला की भरवसा वाढतो.

वयाचं काय? नुसत्या वयाच्या आकड्यावर कुणाला नाही म्हणत नाहीत. सत्तरीतल्या धडधाकट माणसाची शस्त्रक्रिया होते, आणि पन्नाशीतल्या पण हृदयाचा गंभीर आजार असलेल्याला सुयाच बऱ्या. आधी बोटॉक्स घेतलेलं असेल तरी शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होत नाही.

घरी गेल्यावरची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही थोड्या रुग्णांचा चेहरा आठवडा-दोन आठवडे उत्तम राहतो आणि मग एका सकाळी त्या बाजूचा डोळा मिटेनासा होतो, चूळ भरताना पाणी ओठातून गळतं. झटके गेले आणि लकवा आला, असं वाटून माणूस हादरतो. ही उशिरा येणारी कमजोरी बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून निघते. डॉक्टरांना दाखवायचं, आणि तोवर डोळ्यात थेंब घालायचे, रात्री पापणी चिकटपट्टीने मिटून ठेवायची, डोळा कोरडा पडू द्यायचा नाही.